तीनशे तासांत रुळते ते यंत्र की कान?

नवा अ‍ॅम्प्लिफायर घरी येतो तेव्हा खोक्याबरोबर एक सल्लाही येतो. पहिले दोनशे-तीनशे तास त्याच्याविषयी मत बनवू नका. आवाज आज कोरडा, टोकदार, आखडलेला वाटेल, पण यंत्र वाजत ठेवा, हळूहळू ते ‘मोकळे’ होईल. हा सल्ला विक्रेते देतात, उपकरणांची परीक्षणे लिहिणारे देतात, आणि ज्यांनी भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत चार-पाच वर्षे काढली आहेत असे लोकही बिनदिक्कत देतात. शास्त्रीय वळणाच्या माणसांनी त्यावर हसून ‘छंद आहे, चालायचेच’ असे म्हणण्याची प्रथा आहे. मला ती प्रथा मान्य नाही. ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या आजच्या अ‍ॅम्प्लिफायरबाबत हा सल्ला निराधार आहे आणि त्याची किंमत खरेदीदाराला रोख मोजावी लागते.

आधी तासांचा हिशेब करू. माणूस दिवसाला दोन तास संगीत ऐकतो असे धरले, तर तीनशे तास भरायला दीडशे दिवस, म्हणजे पाच महिने लागतात. यंत्र रात्रंदिवस अखंड वाजत ठेवले तरी साडेबारा दिवस लागतात. आपल्याकडे ऑनलाइन घेतलेली वस्तू बदलून मिळण्याची मुदत बहुधा सात ते दहा दिवसांची असते. म्हणजे सल्ला तंतोतंत पाळणाऱ्याला आपले मत बनवण्याचा अधिकार ज्या दिवशी प्राप्त होतो, त्याच्या आधीच ते मत उपयोगात आणण्याची मुदत संपलेली असते. हे कोणी ठरवून केले असा माझा आरोप नाही. पण ज्या समजुतीमुळे नेहमी एकाच पक्षाचा फायदा होतो, तिच्याकडे अधिक बारकाईने पाहिलेच पाहिजे. जानेवारी २०२३ पासून कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये आहे. हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांना एखादा बऱ्यापैकी अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे पूर्ण महिन्याचे मानधन आहे, हे ध्यानात ठेवून पुढचे वाचावे.

या समजुतीचे बळ तिच्या उपमांत आहे. नवी कोल्हापुरी चप्पल आधी चावते, मग रुळते. नव्या मोटारसायकलचे रनिंग-इन करावे लागते. नवा तंबोरा वाजता वाजता खुलतो. मग अ‍ॅम्प्लिफायरने काय घोडे मारले? उत्तर सोपे आहे: वरच्या प्रत्येक उदाहरणात काय बदलले ते बोट ठेवून दाखवता येते. चपलेचे चामडे वाकून मऊ होते. इंजिनात पिस्टनच्या कड्या आणि सिलिंडरची भिंत एकमेकांवर घासून नीट बसतात. तंबोऱ्यात तारेच्या घर्षणाने घोडीचा पृष्ठभाग झिजतो. म्हणून तर जवारी पुन्हा पुन्हा काढून घ्यावी लागते. २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेल्या मिरजेच्या तंबोऱ्यांची कीर्ती ज्या कारागिरांवर उभी आहे, त्यांचे अर्धे कौशल्य या काही मिलिमीटरच्या वक्र पृष्ठभागात आहे. अ‍ॅम्प्लिफायरमध्ये घासणारा, वाकणारा, झिजून बसणारा भाग ध्वनीच्या वाटेवर जवळपास नसतोच. आवाज कमीजास्त करण्याची गोल कळ वगळली, तर सारे काही स्थिर बसलेले असते.

तंबोऱ्याचा विषय निघाला आहे तर आणखी एक आठवण योग्य ठरेल. कलकत्त्याच्या इंडियन असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेत काम करताना सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये भारतीय तंतुवाद्यांवरचा आपला अभ्यास प्रसिद्ध केला. तार जेथे छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचा निस्पंद बिंदू असतो, ते उपस्वर आवाजात असू नयेत, असा जुना नियम होता. तंबोरा आणि वीणा यांत ते स्पष्ट ऐकू येतात. कानाला जे जाणवत होते ते रामन यांनी नाकारले नाही. पण ‘वाद्यात आत्मा असतो’ असे म्हणून ते थांबलेही नाहीत. त्यांनी घोडीच्या आकारात कारण शोधले आणि प्रयोगाने तपासले. कानाचा आदर करण्याची हीच शास्त्रीय रीत आहे. ऐकू आलेल्या फरकाला कारण लागते, आणि कारण सांगितले की ते मोजावे लागते.

तेव्हा अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बदलू शकणाऱ्या गोष्टी एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट, इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर. यात अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्यावरचा ऑक्साइडचा अतिशय पातळ थर विद्युतरोधकाचे काम करतो. यंत्र फार काळ गोदामात पडून राहिले तर हा थर काहीसा दुबळा होतो आणि गळती-प्रवाह वाढतो. व्होल्टेज दिले की तो पुन्हा घडतो. ही प्रक्रिया खरी आहे, पाठ्यपुस्तकात आहे. पण ती मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत आटोपते. शिवाय अशा कपॅसिटरच्या छापील मूल्यात वीस टक्क्यांची कमी-अधिक सूट धरूनच परिपथ आखलेला असतो. ज्या भागाच्या मूल्यात वीस टक्के फरक असला तरी यंत्राचे बिघडत नाही, त्यात एक-दोन टक्क्यांचा बदल झाल्याने गायिकेचा आवाज अचानक मखमली होईल, ही अपेक्षाच विसंगत आहे.

दुसरी गोष्ट, उष्णता. ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटरमधले व्होल्टेज दर अंश सेल्सिअसला सुमारे दोन मिलिव्होल्टने घटते. त्यामुळे यंत्र थंड असताना बाहेरच्या टप्प्यातील स्थिर प्रवाह थोडा वेगळा असतो आणि उष्णता बाहेर टाकणारे पंखे असलेला पत्रा तापला की तो ठरलेल्या जागी येतो. यास पंधरा-वीस मिनिटे, क्वचित अर्धा तास लागतो. पण हा बदल दररोज, प्रत्येक वेळी यंत्र सुरू करताना घडतो आणि बंद केल्यावर उलटतो. हे तापणे आहे, रुळणे नव्हे. दोन्हींची सरमिसळ करून पहिल्याच्या खरेपणावर दुसऱ्याचे दुकान चालवले जाते.

तिसरी गोष्ट, तारा आणि सोल्डरचे जोड. यांतून प्रवाह वाहून धातूची रचना ‘सुसूत्र’ होते, असे सांगितले जाते. प्रवाहाच्या रेट्याने धातूचे अणू सरकतात ही घटना खरी आहे. तिला इलेक्ट्रोमायग्रेशन म्हणतात आणि चिपमधल्या सूक्ष्म तारांत ती डोकेदुखी ठरते. पण त्यासाठी प्रवाहघनता दर चौरस सेंटिमीटरला लाखो अँपिअर असावी लागते. दीड चौरस मिलिमीटरच्या तारेतून पाच अँपिअर वाहू द्या. हा घरात मोठा आवाज झाला. प्रवाहघनता येते सुमारे ३३० अँपिअर प्रति चौरस सेंटिमीटर, म्हणजे हजारपटीने कमी. त्यातही संगीताचा प्रवाह क्षणोक्षणी दिशा बदलणारा असतो. आणि जेथे ही घटना खरोखर घडते, तेथे तिचा परिणाम तार तुटण्यात होतो, सुधारण्यात नाही.

आता समजा, या सगळ्यांतून आत काही तरी बदललेच. ते बाहेर किती पोहोचेल? येथे २ ऑगस्ट १९२७ ही तारीख महत्त्वाची आहे. त्या सकाळी बेल लॅबोरेटरीजमध्ये कामाला असलेले हॅरॉल्ड ब्लॅक हडसन नदीवरच्या फेरीबोटीतून कामावर निघाले होते. निगेटिव्ह फीडबॅकची कल्पना त्यांनी हातातल्या वर्तमानपत्रावर आकृती काढून टिपली. दूरच्या टेलिफोन-मार्गांवर वापरायच्या अ‍ॅम्प्लिफायरचे सुटे भाग कालांतराने बदलत जातात, आणि त्यांच्याबरोबर अ‍ॅम्प्लिफायर बदलू नये, हीच तर त्यांची अडचण होती. आज जवळपास प्रत्येक हाय-फाय अ‍ॅम्प्लिफायर या कल्पनेवर उभा आहे.

आकडे घालून पाहू. फीडबॅकविना अ‍ॅम्प्लिफायरची वर्धनक्षमता १०,००० धरा आणि निर्गमाचा १/२० भाग परत आणा. सूत्राप्रमाणे प्रत्यक्ष वर्धन १९.९६० येते. आता ‘रुळण्यामुळे’ आतली क्षमता तब्बल दहा टक्क्यांनी घसरून ९,००० झाली, असे माना. वर्धन होते १९.९५६. फरक ०.०२ टक्के, म्हणजे डेसिबलच्या भाषेत ०.००२. उंच स्वरांकडे फीडबॅकचा आधार कमी होत जातो, हेही विसरू नये. तेथे आतली क्षमता १०,००० ऐवजी ६०० धरली, तर त्याच दहा टक्के घसरणीने सुमारे ०.०३ डेसिबलचा फरक पडतो. उत्तम परिस्थितीत माणसाचा कान आवाजाच्या पातळीतला जो लहानात लहान फरक ओळखू शकतो, तो डेसिबलच्या काही दशांशांत मोजला जातो. म्हणजे आपण कल्पिलेला अवास्तव मोठा बदलही ऐकू येण्याच्या उंबरठ्याच्या बराच खाली राहतो.

पण आकडेमोड बाजूला ठेवली तरी एक प्रश्न उरतो, आणि माझ्या मते तो अधिक बोचरा आहे. हा बदल नेहमी चांगल्याच दिशेने का होतो? सुटे भाग आपोआप सरकत असतील, तर काही यंत्रांचा आवाज सुधारेल आणि काहींचा बिघडेल. ‘पहिल्या दिवशी अप्रतिम होता, दोनशे तासांनी साफ उतरला’ अशी तक्रार या साहित्यात शोधून पाहा. आणि सुधारणा एका टप्प्यावर येऊन नेमकी थांबते कशी? पाच हजार तासांनी यंत्र दैवी का होत नाही? इलेक्ट्रॉनिक भागांचे वय वाढते तसे आपल्याला ठाऊक असलेले बहुतेक बदल घसरणीचे असतात. कपॅसिटर कालांतराने सुकतात, संपर्कबिंदू गंजतात. ज्या प्रक्रियेला फक्त आपल्या आवडीची दिशा ठाऊक असते आणि समाधान झाले की जी थांबते, ती तांब्यात किंवा सिलिकॉनमध्ये घडत नसते. ती मनात घडत असते.

आणि मनात काय घडते, यासंबंधी आपल्याकडे माहिती आहे. रॉबर्ट झायॉन्क या मानसशास्त्रज्ञाने १९६८ मध्ये दाखवले की, एखादी गोष्ट नुसती पुन्हा पुन्हा समोर आली तरी ती अधिक आवडू लागते. जुन्या यंत्राची सवय असलेल्या कानाला नवा आवाज परका वाटतो. काही आठवड्यांनी तोच आवाज ‘आपला’ होतो. त्यात खर्च केलेल्या पैशाचे समर्थन मिसळते. शिवाय दोन ऐकण्यांमधल्या बाकीच्या गोष्टीही त्याच राहत नाहीत. तीन हजार हर्ट्झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे अकरा सेंटिमीटर असते. खुर्चीत वीतभर सरकून बसले तरी भिंतींवरून परतणाऱ्या तरंगांचा मेळ बदलतो आणि कानाशी पोहोचणारा ध्वनी अनेक डेसिबलने वेगळा होऊ शकतो. अशा परिस्थितीत मार्चमध्ये ऐकलेल्या आवाजाची ऑगस्टमध्ये ऐकलेल्या आवाजाशी स्मरणाने तुलना करणे, आणि फरकाचे श्रेय कपॅसिटरला देणे, हे निरीक्षण म्हणवत नाही.

प्रयोगांचा इतिहासही याच बाजूला बोलतो. १९७८ मध्ये क्वाड कंपनीचे पीटर वॉकर यांनी आपल्याच तीन पिढ्यांचे अ‍ॅम्प्लिफायर एका श्रवणचाचणीला उभे केले: व्हॉल्व्हवर चालणारा क्वाड दोन, ट्रान्झिस्टरचा ३०३ आणि त्यानंतरचा ४०५. चाचणीची व्यवस्था ध्वनितज्ज्ञ जेम्स मॉयर यांच्याकडे होती. कोणते यंत्र वाजते आहे हे ऐकणाऱ्यांना ठाऊक नव्हते, आणि त्यांची उत्तरे अंदाजाने दिलेल्या उत्तरांहून वेगळी ठरली नाहीत. ही चाचणी ‘रुळण्या’ची नव्हती, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे. पण तिच्यातून निघणारा प्रश्न टाळता येत नाही. पूर्णतः भिन्न तंत्रावर, अनेक वर्षांच्या अंतराने बांधलेली यंत्रे अनुभवी कानांना वेगळी ओळखता आली नाहीत. मग एकाच यंत्राचा पहिला दिवस आणि तेरावा दिवस यांत जमीन-अस्मानाचा फरक कोणत्या आधारावर मानायचा?

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला असा की, अशा चाचणीच्या दडपणाखाली सूक्ष्म फरक हरवतात. ठीक आहे; मग दडपण काढून टाका. यंत्र झाकून घरी ठेवा, महिनाभर निवांत ऐका, हवे तेव्हा उत्तर लिहा. अंधपणा आणि घाई यांचे काही नाते नाही. शिवाय ज्या फरकाचे वर्णन ‘पडदा दूर झाल्यासारखा’ असे केले जाते, तो यंत्राचे नाव झाकताच नाहीसा होत असेल, तर तो नावात होता. दुसरा आक्षेप असा की, उपकरणांना मोजता येत नाही ते कानाला कळते. अ‍ॅम्प्लिफायरमधून बाहेर पडते ते काळानुसार बदलणारे एक व्होल्टेज. त्यापलीकडे काही नाही. दोन व्होल्टेज एकमेकांतून वजा करून उरलेला भाग आपण कानाच्या उंबरठ्याच्या कितीतरी खालपर्यंत मोजू शकतो. कान अद्‌भुत आहे, यात शंका नाही. पण ध्वनीवर्धकाच्या पडद्यापर्यंत जे पोहोचलेच नाही, ते त्याला ऐकू येणार नाही.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवू नये; प्रयोग करावा. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत तो सहज होईल. एकाच प्रतिकृतीचे दोन नवे अ‍ॅम्प्लिफायर घ्या. एक तीनशे तास वाजवा, दुसरा खोक्यातच ठेवा. मग दोन्ही अर्धा तास तापू द्या. स्पीकरच्या टोकांवर व्होल्टमीटर लावून दोघांची पातळी ०.१ डेसिबलच्या आत, म्हणजे व्होल्टेजमध्ये सुमारे एका टक्क्याच्या आत जुळवा. ही पायरी गाळू नका, कारण जरासा मोठा आवाज माणसाला ‘मोठा’ न वाटता ‘चांगला’ वाटतो. कोणते यंत्र केव्हा जोडले जाईल हे नाणे उडवून ठरवा आणि ते ऐकणाऱ्याला किंवा त्याच्याशी बोलणाऱ्याला कळू देऊ नका. सोळा फेऱ्या करा. निव्वळ अंदाजाने सोळापैकी बारा किंवा अधिक उत्तरे बरोबर येण्याची शक्यता शंभरात सुमारे चार आहे. कोणी बारा गाठले तर पुन्हा सोळा फेऱ्या घ्या. दुसऱ्यांदाही गाठले तर मला कळवा. आपल्या हाती खरोखर काही लागले असेल आणि ते तपासायला मला आनंद होईल.

जे खरे आहे ते मान्य करण्यात कंजुषी नको. स्पीकरमध्ये हलणारे भाग आहेत. शंकूला धरून ठेवणारी कडा आणि आतला वलयदार आधार सुरुवातीच्या वापराने थोडे सैल होतात आणि त्याची अनुनाद-वारंवारता काहीशी उतरते. हे मोजता येते. नव्या व्हॉल्व्हचे गुणधर्म सुरुवातीच्या तासांत सरकतात, म्हणून काळजी घेणारे निर्माते ते आधी चालवून, निवडून देतात. ‘बर्न-इन’ या शब्दालाही अभियांत्रिकीत मानाचे स्थान आहे. अमेरिकी लष्करी मानक ८८३ मध्ये सूक्ष्म परिपथ १२५ अंश सेल्सिअसला १६० तास चालवून पाहण्याची पद्धत दिली आहे. पण तिचा हेतू काय? लवकर बिघडणारे नग ग्राहकाकडे जाण्यापूर्वी मरावेत, हा. तेथे तास निर्माता मोजतो, खर्च निर्माता सोसतो आणि नापास झालेला नग फेकला जातो. हाय-फायच्या बाजारात तोच शब्द उलटा फिरवला आहे: तास ग्राहकाने मोजायचे, वीजबिल ग्राहकाने भरायचे आणि नापास होण्याची तरतूदच ठेवायची नाही.

याच ठिकाणी या समजुतीचे खरे नुकसान आहे. सदोष सुटा भाग, चुकीचा बसवलेला स्थिर प्रवाह, सैल जोड यांमुळे नवा अ‍ॅम्प्लिफायर खरोखरच कर्कश वाजू शकतो. त्या वेळी खरेदीदाराचा ताजा, सवयीने बोथट न झालेला कान योग्य तेच सांगत असतो. त्याला सांगितले जाते की, तुझे निरीक्षण अजून ग्राह्य नाही; सवय झाल्यावर ये. ज्ञानाच्या कोणत्याही शाखेत पहिली स्वच्छ नोंद रद्द करून सरावलेली नोंद प्रमाण मानणे हा प्रमाद ठरेल. संविधानाच्या अनुच्छेद ५१क मधील वैज्ञानिक दृष्टिकोनाच्या कर्तव्याचे स्मरण आपण दर २८ फेब्रुवारीला करतो. ते कर्तव्य फक्त ग्रहणाच्या आणि भुतांच्या गोष्टींपुरते नाही. ज्या दाव्याला अपयशी ठरण्याची वाटच ठेवलेली नाही, तो चकचकीत पत्रकावर छापला असला आणि त्यात चार तांत्रिक शब्द असले, तरी त्याला हाच नियम लागू होतो. आपल्याच विषयाचे शब्द वापरून जे सांगितले जाते, त्याबाबत भौतिकशास्त्राच्या माणसांनी गप्प राहणे मला अधिक लाजिरवाणे वाटते.

तेव्हा व्यवहारात एवढेच करावे. अ‍ॅम्प्लिफायर घरी आणल्यावर अर्धा तास तापू द्या. मग ओळखीचे संगीत लावून नीट ऐका, त्याच आठवड्यात ऐका, शक्य असल्यास दुसऱ्या यंत्राशी पातळी जुळवून तुलना करा. आवडला तर ठेवा. खटकला तर मुदतीत परत करा. ‘तीनशे तास थांबा’ असे कोणी म्हटले, तर तीनशे तासांनंतरही न आवडल्यास पूर्ण पैसे परत देण्याचे लेखी आश्वासन मागा. प्रयोग केलात तर त्याचे आकडे, माझ्या विरुद्ध जाणारे असले तरी, खाली जरूर मांडा.